कॉलेजात ‘बायल्या’ म्हणून चिडवल्याने मुलाचं खरंच इतकं नुकसान होतं का?

हो, होतं. तुमचा भाचा पुण्यात एफवायला आहे आणि घरचे त्याला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही इथल्याच एका शाळेत हे ऐकत वाढलो. मुतारीत जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायचो नाही. पीटीच्या तासाला हमखास पोटदुखी. घरच्यांना घसरलेले मार्क दिसायचे, कारण नाही. रंगावरून चिडवलं तर पोर घरी सांगतं. इथे तक्रार केली की उलट ‘मग आहेस का तसा?’ म्हणून तोंड शिवलेलं. नैराश्य, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार या एकटेपणातच वाढतात, आणि मुलगा गे नसला तरी वाढतात.

लैंगिक कलावरून केलेला छळ यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत आणला. त्यामुळे प्राचार्यांकडे लेखी तक्रार करता येते, किंवा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर, १८००-१८०-५५२२. मन मोकळं करायला टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.

पण तक्रारीआधी भाच्याची परवानगी घ्या. तो गे आहे का, हे मात्र विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा तोच सांगेल.