विचारा तर खरं!

प्रश्न : धाकटा अमेरिकेत पिट्सबर्गला नोकरीला लागलाय. ते लोखंडाचं गाव म्हणतात. कसं वसलं, कसं आहे? (एक आई, खानापूर)

उत्तर : ताई, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत माझी तीस वर्षं गेली, तेव्हापासून या गावाचं कुतूहल. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगा भेटतात ना, तशा तिथं अलेगेनी आणि मोनोंगाहेला भेटतात; पुढं नाव ओहायो. त्या टोकावर फ्रेंचांनी १७५४ ला किल्ला बांधला. १७५८ ला इंग्रज आले, तेव्हा फ्रेंच तो पेटवून पसार झाले. इंग्रज सेनापती फोर्ब्जनं जागेला आपल्या देशाच्या मंत्र्याचं, विल्यम पिटचं नाव दिलं.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. गाव आमचं, असं व्हर्जिनिया आणि पेन्सिल्व्हेनिया दोघंही म्हणायचे. १७७४ ला व्हर्जिनियावाल्यांनी इंग्रजांनी तिथं नव्यानं बांधलेला किल्ला बळकावून त्याचं नावच बदललं! १७८० ला तोडगा निघाला, गाव पेन्सिल्व्हेनियाकडं गेलं. सहा वर्षांत सीमाप्रश्न मिटला, हे वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. स्पेलिंगातला शेवटचा 'एच' १८९१ ला सरकारनं काढला, तो १९११ ला परत द्यावा लागला.

टेकड्यांत कोळसा, नदीतून वाहतूक, म्हणून पोलाद. १९८० च्या दशकात बरेच कारखाने बंद पडले. १९५० ला पावणेसात लाखांची वस्ती आता तीन लाखांच्या आसपास. आज तिथं दवाखाने, विद्यापीठं आणि रोबोटचं काम.

जवळ पेन हिल्सला बालाजीचं देऊळ आहे. थंडी मात्र कडाक्याची. स्वेटर भरा, आणि कुंदा जरा जास्तच भरा.