दिवा लुकलुकतोय की नुसता पेटलाय?

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालचा पिकअप ट्रक आहे, सेकंडहँड घेतलेला. थंडी सुरू झाली की सकाळी डॅशबोर्डवर तो टायरचा पिवळा दिवा लागायचा आणि दुपारपर्यंत आपोआप जायचा, म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही. आता महिना झाला, गाडी चालू केली की मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच पेटून राहतो. टायरवर ४४ लिहिलंय तेवढी हवा भरून झाली, तरी जात नाही. मेकॅनिक म्हणतो जुन्या गाडीत हे असंच असतं, वरून काळी टेप लावून टाका. लावू का?

उत्तर : टेपचं नंतर बघू, आधी ते ४४ उतरवा. टायरच्या अंगावर जो आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या ट्रकला किती हवा लागते ते टायर बनवणाऱ्याला काय माहीत? तुमचा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर मिळेल, पुढच्या-मागच्या चाकांचा वेगळाही असू शकतो, नीट वाचा. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो, रिकामा ट्रक खड्ड्यात उड्या मारतो आणि रस्त्यावरची पकड जाते ती वेगळीच. फक्त आधीच्या मालकाने वेगळ्या मापाचे किंवा जड लोडचे टायर टाकले असतील तर स्टिकरचा आकडा जसाच्या तसा चालत नाही, तेव्हा टायरवाल्याकडून त्या टायरचा लोडचा तक्ता बघून घ्या. आणि हवा मोजायची ती थंड टायरची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. चालवून आल्यावर गरम टायरमधला आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडणारे बरेच भेटतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच दिवा लागतो.

आता दिव्याचं. तुमच्या दिव्याने तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यात, तुम्ही एकच समजून बसलात.

पहिली ती थंडीतली. हवा गार झाली की दाब कमी होतो, साधारण साडेपाच डिग्रीला एक पीएसआय (टायरची हवा ज्या मापात मोजतात ते, तुमचे ४४ही त्यातलेच). म्हणजे दुपारपेक्षा सकाळी पंधरा डिग्री कमी असेल तरी जेमतेम तीन पीएसआय गेले. पण हा दिवा तेवढ्याने लागत नाही हो! अमेरिकेत हलक्या गाड्यांना टायरच्या हवेवर नजर ठेवणारी ही सिस्टीम २००७ च्या सप्टेंबरपासून सक्तीची झाली आणि त्या नियमात हवा स्टिकरपेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे असं आहे. स्टिकरवर ३५ असेल तर २६ च्या आसपास. मग हिशोब करा, सकाळी २६ होती तर दुपारी ऊन लागून फार तर २९ झाली, दिवा गेला आणि तुम्हाला वाटलं मिटलं. तो सगळा वेळ ट्रक सहा ते नऊ पीएसआय कमी हवेवर पळत होता, कदाचित मागे माल भरून. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला कडेने दुमडतो, दुमडून तापतो, आणि टायर फुटतो तो बहुतेक वेळा या तापण्यानेच.

दुसरी गोष्ट आत्ताची. चालू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग पेटून राहतो, याचा अर्थ हवा कमी आहे असा नाहीच, सिस्टीमच बिघडलीय असा आहे. त्यामुळे ४४ भरा नाहीतर ६० भरा, तो जाणार नाही. प्रत्येक चाकात, बहुतेक गाड्यांत व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिमच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा सेन्सर असतो, त्यात छोटी बॅटरी, आणि ती रेझिन ओतून सील केलेली, त्यामुळे नुसता सेल बदलून भागत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. तुमचे मूळचेच सेन्सर असतील तर त्यांनी कधीच ओव्हरटाइम केलाय, आणि चारही एकाच वेळी बसवलेले असतात म्हणून एक गेला की बाकीचेही मागोमाग जातात.

पण लगेच सेन्सर विकत घेऊ नका. टायरवाल्याकडे हातात धरायचा स्कॅनर असतो, तो एकेका व्हॉल्व्हजवळ धरला की आतला सेन्सर जागा होऊन स्वतःचा नंबर, दाब आणि बॅटरीची अवस्था सांगतो, पाच मिनिटांचं काम. कोणता मेलाय ते कळतं, किंवा एखाद्या चाकात सेन्सरच नाही हेही कळतं, कारण सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने रिम बदलताना सेन्सर काढून साधे रबरी व्हॉल्व्ह बसवलेले असू शकतात. बदलायचेच तर पुढच्या वेळी टायर बदलाल तेव्हा चारही एकदम बदला, टायर रिमवरून उतरणारच असतो. घेताना फ्रिक्वेन्सी बघा, ३१५ आणि ४३३ मेगाहर्ट्‌झ अशा दोन चालतात, चुकीची घेतलीत तर गाडीला सेन्सर दिसणारच नाही. बसवल्यावर गाडीला नवीन सेन्सर शिकवावे लागतात, काही गाड्या चालवता चालवता आपणच शिकतात, काहींना तेच स्कॅनर लागतं.

आणि हो, स्टेपनी! काही ट्रकमध्ये तिच्यातही सेन्सर असतो. माझ्या जुन्या ट्रकचा दिवा पेटला तेव्हा दोन रविवार मी चार चाकांभोवती साबणाचं पाणी घेऊन फिरलो, कुठे एक बुडबुडा नाही. शेवटी ट्रकखाली आडवा होऊन स्टेपनीच्या व्हॉल्व्हवरचा चिखल स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि हवा मोजायचा गेज लावला तर काटा जागचा हललासुद्धा नाही. हवा भरली, थोडं फिरवून आणलं, दिवा गेला. बायको म्हणाली, सुरुवात तिथूनच करायची ना. आता काय बोलणार.

तर टेप नको. सिस्टीम बिघडलेली असताना टायर खरंच बसला तरी दिवा वेगळं काही सांगणार नाही, तो आधीच पेटलेला आहे, त्यामुळे सेन्सर बदलेपर्यंत एक चांगला गेज घेऊन गाडीत ठेवा आणि आठवड्यातून एकदा सकाळी, लांब जायचं असेल तर निघायच्या आधी, पाचही टायर मोजा. एकच टायर दर वेळी उतरतोय असं दिसलं तर व्हॉल्व्हला आणि रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, जुन्या रिमला आतून गंज चढला की तिथून हवा हळूहळू जाते. सेन्सरच्या अॅल्युमिनियम व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालू देऊ नका, दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन आत अडकून बसते, त्यासाठी निकेल चढवलेली पिन मिळते. टोपीही प्लास्टिकचीच बरी.

प्रश्न : हवा बरोबर भरली, दोनदा मोजली, दिवा तसाच. हवा भरणारा म्हणतो अजून टाका. टाकू?

उत्तर : नका टाकू. गाडी उभी असताना बरेच सेन्सर बॅटरी वाचवायला झोपलेले असतात, चाक फिरलं की जागे होऊन निरोप पाठवतात. दहा-पंधरा मिनिटं जरा वेगात चालवून बघा. काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, चाकांचे फेरे मोजतं, कारण हवा कमी झालेला टायर किंचित लहान होऊन जास्त फेरे घेतो. तुमची तशी असेल तर हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, ते कसं करायचं हे गाडीच्या पुस्तकात असतं.

प्रश्न : पंक्चर झाल्यावर ते बुजवायचा डब्यातला फेस मारला, तेव्हापासून दिवा लागलाय. त्यामुळे असेल का?

उत्तर : असू शकतं. काही फेस सेन्सरचं बारीक भोक बुजवतात आणि तो चुकीचा दाब सांगायला लागतो. आधी गेजने खरी हवा मोजा, मग टायर उतरवून नीट पंक्चर काढून घ्या आणि आतला सेन्सर पुसून घ्यायला सांगा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. टायर उघडणाऱ्याला मात्र आधीच सांगा आत फेस आहे म्हणून, नाहीतर सगळं त्याच्या कपड्यांवर.