द्राक्षबागेत सुपरवायझर व्हायचंय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

खरड छाटणी, म्हणजे वेलीला नवी काडी यावी म्हणून एप्रिलमध्ये केली जाणारी छाटणी, जवळ आली की बागांमधून माणसांची जुळवाजुळव सुरू होते. दरवर्षी याच सुमारास सुपरवायझरच्या कामाबद्दल विचारणा वाढते. या खेपेला आलेल्या प्रश्नांपैकी पाच घेतले आहेत.

मी पेठ तालुक्यातला, दहावी झालोय. आठ वर्षं टोळीबरोबर दिंडोरी भागात छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी (घडातले जादा मणी काढणं) करतो. सुपरवायझर व्हायला कोणता कोर्स करू?

दादा, हाताचं शिक्षण तुमचं झालेलं आहे. पदविका घेऊन येणाऱ्या मुलांना ते मिळवायला दोन-तीन हंगाम लागतात. तुमच्याकडे कमी आहे ती वेगळीच गोष्ट. टोळी आठ दिवस या बागेत, आठ दिवस त्या बागेत. तुम्ही शंभर बागांची विरळणी पाहिली असेल, पण एकाच बागेचं अख्खं वर्ष पाहिलेलं नसतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढच्या घडाची निर्मिती होते. तेव्हा दाट फुटी ठेवल्या, आत ऊन पोचलं नाही, नत्र जास्त झालं, तर ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घडाच्या जागी नुसती वांझ फूट निघते. त्या वेळी बागेत टोळी दुसरी असते. चूक कुठे झाली, हे ज्याने एप्रिल पाहिला त्यालाच कळतं.

म्हणून माझा आग्रह आहे की एक वर्ष एकाच बागेत कायम माणूस म्हणून राहा. दिवसाची मजुरी थोडी कमी पडली तरी चालेल. डोळे कापसले (फुगून कापसासारखे दिसले) कधी, पोंगा (कोवळा कोंब) कधी आला, फुलोरा कधी, मण्यात पाणी कधी उतरलं (मणी मऊ पडू लागले), या तारखा छाटणीपासूनचे दिवस मोजून स्वतःच्या वहीत लिहा.

कोर्सचं म्हणाल तर नाशिकचं कृषी विज्ञान केंद्र यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे आहे, आधी तिथे चौकशी करा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे, त्यांचे सल्ले नियमित वाचा. द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रं होतात, तिथे मागच्या खुर्चीवर का होईना, जाऊन बसा. दहावीनंतरची कृषी पदविका दोन-तीन वर्षं मागते. घर चालवायचं असेल तर ती आत्ताच केली पाहिजे असं नाही.

माझी कृषी पदविका झाली आहे. निफाडजवळच्या बागेत सहा महिने झाले. टोळीतल्या बायका ऐकत नाहीत, मुकादम माझ्यासमोर हसतो. काय करू?

आधी कात्री हातात घ्या. विरळणीच्या दिवशी टोळीच्या आधी बागेत पोचा. पहिल्या ओळीतल्या पहिल्या वेलीवर तीन घड स्वतः करा. कुठल्या पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) काढल्या, किती ठेवल्या, टोक कुठे तोडलं, हे त्या घडावर दिसलं पाहिजे. वेलीला लाल सुतळी बांधा आणि सगळ्यांना सांगा, ‘आज असा घड पाहिजे.’ निर्यातीच्या थॉमसन जातीला शंभर-सव्वाशे मण्यांचा घड पुरतो, हे तोंडाने दहादा सांगून जे होत नाही ते त्या एका वेलीने होतं. शंका आली की बाई जाऊन पाहून येते, तुम्हाला हाक मारावी लागत नाही.

मग पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकीच्या मागून एक फेरी मारा. संध्याकाळी चूक सापडली तर ती चार ओळींभर पसरलेली असते, आणि तोडलेला मणी परत लागत नाही. मण्याला नख लागतंय का, घड मुठीत धरून चोळला जातोय का, हे जवळ बसूनच दिसतं. चूक दिसली तर सगळ्यांसमोर बोलू नका. त्या वेलीशी खाली बसा, ‘मावशी, हा घड मी करतो, पुढचा तुम्ही करा,’ एवढं म्हणा.

मुकादमाशी सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी बोला. काम उक्तं असेल तर वेलीवर किती घड, घडाला किती पाकळ्या, हे भाव ठरतानाच ठरलं पाहिजे. उक्त्यात हात भरभर चालणारच, त्यात त्या बायकांचा दोष नाही. ठरवलं नसेल तर दोष आपला आहे.

मला बागेतलं सगळं येतं, पण हिशेबात अडकतो. पीपीएम, एकरी वेली, मजुरांचा अंदाज. सोपं करून सांगाल का?

तीन गणितं पक्की करा. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर वेलीला ४५ चौरस फूट. एकराचे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे ९६८ वेली. दीड चौरस फुटाला एक घड धरला तर वेलीला ३० आणि एकरात २९ हजारांवर घड. आता तुमच्या टोळीतली एक बाई दिवसात किती घड विरळते, ते दोन दिवस स्वतः मोजा. समजा ३०० निघाले, तर एकराला जवळपास ९७ मजूर-दिवस. सोळा जणी असतील तर सहा दिवस. मालकाने ‘चार दिवसांत उरका’ म्हटलं की तुमच्याकडे आकडा तयार हवा.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. त्याचं एकच वाक्य पाठ करा: १०० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १० पीपीएम. जीए (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारं संजीवक) २०० लिटरला ४० पीपीएम करायचं तर ८ ग्रॅम. इथे एक शून्य चुकलं तर बागेचं वर्ष जातं, म्हणून वजन एकाने करावं आणि दुसऱ्याने पाहावं. जीएची पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात घालतात.

तिसरं म्हणजे फवारणीची वही. तारीख, औषध, मात्रा, कुठला प्लॉट, आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं. २०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. बागायतदार त्याला लिहोसीन म्हणतात, ते वाढ रोखायला वापरायचे. तो फटका ज्यांनी सोसला त्यांना विचारा, वही का लागते ते. तिच्यातली पहिली ओळ खरड छाटणीच्या दिवशीच पडली पाहिजे.

फळछाटणीनंतर पेस्ट लावताना मजूर हातमोजे घालत नाहीत, मालकही आग्रह धरत नाहीत. सुपरवायझरने किती ताणावं?

ताणाच. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावायचं रसायन. कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर इजा करतं. आणि दारूबरोबर त्याचं अजिबात जमत नाही. मी नवीन असताना एका बागेत दिवसभर काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट पुसण्याचं काम केलेला विशीतला मुलगा संध्याकाळी थोडी पिऊन आला. तासाभरात चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, श्वास लागतोय. सगळ्यांना वाटलं दारू चढली. तो वाचला, कारण दवाखान्यात नेल्यावर कोणीतरी पेस्टचं नाव सांगितलं. त्याला सकाळी कोणी काही बजावलं नव्हतं. बजावण्याचं काम माझं होतं.

आता मी काम द्यायच्या आदल्या दिवशी मुकादमाला घेऊन एकेकाशी बोलतो: आजपासून पुढचे काही दिवस थेंबही नाही, ज्याला जमणार नाही त्याने दुसरं काम घ्यावं, मजुरी तेवढीच मिळेल. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, साबण आणि पाण्याची टाकी ओळीच्या टोकाला. डब्यावरचा त्रिकोण सगळ्यांना ओळखता आला पाहिजे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी वाचलं आहे. मालक नाही म्हणाले तर हातमोज्यांचा खर्च आणि एका दिवसाच्या दवाखान्याचा खर्च शेजारी शेजारी लिहून दाखवा. तरीही नाहीच म्हणाले तर पेस्टचं काम सुरू करू नका.

मी बारा वर्षं विरळणी करते. बाई सुपरवायझर झालेली मी पाहिली नाही. मला देतील का? आणि वाइनच्या बागेत काम वेगळं असतं का?

ताई, विरळणी आणि डिपिंग, दोन्ही कामं बहुतेक बायकाच करतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला ज्याने कधी घड विरळला नाही असा पुरुष उभा असतो. हे मला कधीच पटलेलं नाही. तुम्ही मालकांकडे थेट ‘सुपरवायझर करा’ असं मागू नका. ‘या हंगामात एका एकराची विरळणी माझ्यावर सोपवा, घड मोजून घ्या,’ असं मागा. लिहिणं जड जात असेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वही लिहून घ्या, पण आकडे तुम्ही सांगा. फवारणीचं काम आलंच पाहिजे असं नाही. औषध कुठलं आणि कधी मारलं, हे मात्र माहीत हवं.

वाइनच्या बागेत मण्याचा आकार वाढवायचा नसतो, त्यामुळे डिपिंग आणि मणी विरळणं जवळपास नसतंच. तिथे साखर, आंबटपणा आणि काढणीचा दिवस याला महत्त्व. तुमचं खरं कसब खाण्याच्या द्राक्षात आहे, तर सुरुवात तिथूनच करा. मालकांशी बोलायचं ते ऑक्टोबरच्या छाटणीआधी बोला. छाटणी झाली की टोळ्या ठरलेल्या असतात.