रजा सात दिवसांची, डोंगर बारा दिवसांचा : साहसी प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत ठिकाणे निरनिराळी असली, तरी बहुतेकांनी विचारले आहे ते एकच : ‘हे कमी दिवसांत बसेल का?’ त्यामुळे निवडक पत्रांना उत्तरे देताना दिवसांचा हिशेब जरा सविस्तर मांडला आहे.

प्रश्न : माझे वय ५७ आहे. मी निवृत्त शिक्षिका असून पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर नियमित चढते. रक्तदाब किंचित जास्त आहे, पण गोळीने आटोक्यात असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाण्याची फार इच्छा आहे. दोन संस्थांकडून कार्यक्रम मागवले. एकीचा काठमांडू ते काठमांडू नऊ दिवसांचा आहे, तर दुसरीचा पंधरा दिवसांचा आणि अर्थातच महाग. दोन्हींत ठिकाणे तीच दिसतात. मग जास्त पैसे कशासाठी द्यायचे? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : ठिकाणे तीच असली तरी मुक्काम तेच नाहीत आणि आपण जास्तीचे पैसे देणार आहात ते या मुक्कामांसाठीच. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहात, एवढेच पाहा. विमानाने उतरून जेथून चालायला सुरुवात होते, ते लुक्ला सुमारे २,८५० मीटरवर आहे. पहिली रात्र सहसा त्याहून थोडे खाली, फाकडिंगला असते. दुसऱ्या रात्री नामचे बाजार, म्हणजे ३,४४० मीटर. येथे दोन रात्री राहायलाच हव्यात, कारण एका दिवसात आपण आठशे मीटरहून अधिक वर आलेले असता. पुढे तेंगबोचे (सुमारे ३,८६० मीटर) आणि दिंगबोचे (सुमारे ४,४१० मीटर) लागते आणि दिंगबोचेलाही दोन रात्री हव्यात. त्यानंतर लोबुचे, गोरकशेप आणि ५,३६४ मीटरवरचा बेस कॅम्प. नऊ दिवसांच्या कार्यक्रमात नामचे आणि दिंगबोचे येथील दुसरी रात्र गाळलेली असणार, याविषयी मला फारशी शंका नाही, कारण चढताना दिवस कापायला दुसरी जागाच नसते.

या ‘विश्रांतीच्या’ दिवशी खोलीत पडून राहायचे नसते. नामचेहून साधारण ३,९०० मीटरपर्यंत चालत जायचे, थोडा वेळ थांबायचे आणि झोपायला पुन्हा खाली यायचे, अशी रीत आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि त्याची सवय होण्यास शरीराला कित्येक रात्री लागतात. पैसे, उत्साह किंवा तंदुरुस्ती यांनी या रात्री भरून निघत नाहीत. आपले वय येथे फारसे आड येत नाही. उलट, तिशीतील धावपटू वेगाने चढतात, दुखणे अंगावर काढतात आणि तेच आधी आजारी पडतात, हे तेथील वाटाड्यांकडून वारंवार ऐकायला मिळते. पन्हाळा-जोतिबाची सवय पायांसाठी उत्तमच आहे, पण तिच्यावरून उंचीचा अंदाज येत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई असले तरी ते १,६४६ मीटरच आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास आपल्याला होतो की नाही, हे सह्याद्रीत कळण्याची सोयच नाही.

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे आणि झोप न येणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती दिसताच आणखी वर जायचे नाही, आणि एका दिवसात उतार पडला नाही तर खाली यायचे. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही मात्र फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची चिन्हे असतात. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णाला खाली उतरवणे हाच मुख्य उपचार असतो. ॲसिटाझोलामाइड (बाजारातील परिचित नाव डायमॉक्स) या गोळीने सवय होण्यास मदत होते, परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आणि आपल्यासारख्या रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आटोक्यातला रक्तदाब हा सहसा अडथळा ठरत नाही, तरीही निघण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांची संमती घ्यावी.

दिवस वाचवायचेच असतील, तर ते उतरताना वाचवावेत. गोरकशेपहून हेलिकॉप्टरने परतण्याची सोय महाग आहे आणि हवामानावर अवलंबून आहे, पण शरीराच्या दृष्टीने तिच्यात गैर काही नाही.

आणखी दोन गोष्टी. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमाने बहुधा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. तेथे पोहोचण्यासाठी मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांचा रस्ता करावा लागतो, आणि ढग असतील तर विमान त्या दिवशी सुटतही नाही. म्हणून काठमांडूहून मुंबईचे परतीचे तिकीट दोन राखीव दिवस सोडूनच काढावे. नेपाळला विमानाने जाताना आपल्या वयाच्या व्यक्तीला पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. तेथे आधार कार्ड चालत नाही आणि हे अनेकांना विमानतळावरच कळते.

प्रश्न : आम्ही पाच मित्र ऑगस्टमध्ये विमानाने लेहला उतरून तेथे मोटारसायकली भाड्याने घेणार आहोत. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा, मग पँगाँग आणि जमल्यास उमलिंग ला, असे सात दिवस योजले आहेत. सगळे तिशीतले आहोत. यात काही अडचण आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अडचण दुसऱ्या दिवशीच आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि आपण तेथे काही तासांत, थेट मैदानातून पोहोचणार आहात. पहिले दोन दिवस शहरातच राहावे आणि पहिल्या दिवशी तर बाजारात हिंडण्यापलीकडे काही करू नये. तिसऱ्या दिवशी हात शिवशिवत असतील, तर सिंधूच्या काठाने पश्चिमेला आल्चीकडे जाऊन यावे. तो भाग लेहपेक्षा खाली आहे आणि आल्चीच्या मठातील जुनी भित्तिचित्रे कोणत्याही खिंडीच्या पाटीपेक्षा अधिक पाहण्यासारखी आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. पाटीचा विषय निघालाच आहे, तर खारदुंग लाची उंची अनेक वर्षे १८,३८० फूट अशी रंगवली गेली, प्रत्यक्षात ती सुमारे १७,५८० फूट, म्हणजे ५,३५९ मीटर आहे. छायाचित्र जरूर काढा, पण तेथे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका.

नुब्रातील दिस्कित आणि हुंदर ही गावे लेहहून थोडी खालीच आहेत, त्यामुळे खिंड ओलांडल्यावरची तेथील रात्र सहसा त्रासाची जात नाही. खरी परीक्षा पँगाँगच्या काठी होते, कारण तेथे आपण ४,२०० मीटरच्या वर झोपता. म्हणून पँगाँगचा मुक्काम नुब्रानंतरच ठेवावा आणि उमलिंग ला या वेळी गाळावा. ५,७९८ मीटरवरून जाणारा तो रस्ता सीमा सडक संघटनेने बांधला आणि २०२१ मध्ये त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. तेव्हापासून प्रत्येक मोटारसायकलस्वाराला तो हवा असतो, पण हान्ले येथे मुक्काम केल्याशिवाय तेथे जाण्यात शहाणपण नाही आणि आपल्या सात दिवसांत ते बसत नाही.

पुढे कधी रस्त्याने जाण्याचे ठरवलेत, तर मनालीऐवजी श्रीनगरहून चढावे. श्रीनगर, कारगिल, लेह अशी उंची बेताने वाढत जाते. मनालीच्या बाजूने मात्र अनेक जण दुसरीच रात्र सरचूच्या तंबूत काढतात, जे जवळपास ४,३०० मीटरवर आहे आणि जेथून पुढे किंवा मागे, कोठेही जायचे तरी आधी उंच खिंड ओलांडावी लागते. एकदा श्रीनगरहून येऊन लेहला सवय झाली, की परतीला मनालीचा रस्ता सुखाचा होतो.

प्रश्न : शनिवारी रात्री सांगलीहून निघून रविवारी मालवणला स्कूबा डायव्हिंग करावे आणि संध्याकाळी आंबोली घाटाने परतावे, असा आम्हा दोघांचा विचार आहे. पोहता येत नाही. चालेल का? (एक दांपत्य, सांगली)

उत्तर : पोहता न येण्याने अडत नाही. पर्यटकांना जो अनुभव दिला जातो, त्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो आणि खोलीही थोडी असते. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम करायचा असेल, तर मात्र पोहता यावे लागते. त्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे.

माझा आक्षेप संध्याकाळच्या घाटाला आहे. पाण्यात दर दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका वाढतो आणि त्या दाबाखाली श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडण्याआधीच आपण कमी दाबाच्या जागी गेलात, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये, असे सांगितले जाते. सुमारे सहाशे मीटरच्या वर जाणारा रस्ताही याच हिशेबात धरतात आणि आंबोली सुमारे सातशे मीटरवर आहे. पाच-सहा मीटरच्या छोट्या बुडीत धोका फार कमी असतो, हे खरे. तरीही रात्रभर गाडी चालवून, झोपेशिवाय पाण्यात उतरून पुन्हा रात्री घाट चढण्यापेक्षा सोमवारची रजा टाकावी, रविवारी मालवणातच राहावे आणि सकाळी निघावे, हे मी आग्रहाने सांगेन. सर्दी असेल तर मात्र बुडी रद्दच करावी, कारण चोंदलेल्या नाकाने कानातील दाब सारखा करता येत नाही आणि कानाचा पडदा दुखावू शकतो. पावसाळ्यात ही केंद्रे बंद असतात.

प्रश्न : जुलैमध्ये सांधण दरी करता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. साम्रद गावाजवळची ही चिंचोळी घळ म्हणजे पाण्याचीच वाट आहे. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत येऊ शकतो आणि दोन्हीकडे उभे कातळ असल्यामुळे बाजूला सरायला जागा नसते. ती डिसेंबर ते फेब्रुवारीत करावी. कोणी जुलैत नेण्याची तयारी दाखवत असेल, तर त्याच्याबरोबर इतर महिन्यांतही जाऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. त्याला एव्हरेस्ट शिखर चढायचे आहे. ‘अनुभव नसला तरी नेतो’ असे सांगणारी माणसेही त्याला भेटली आहेत. त्याला अडवावे की पाठवावे? (एक पालक, पुणे)

उत्तर : अडवू नका, पण त्या माणसांबरोबर पाठवूही नका. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था येथे सुमारे चार आठवड्यांचा मूलभूत अभ्यासक्रम असतो. तेथे दोर, बर्फ-कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बर्फावर चालण्यासाठी बुटांना लावायचे काटे) यांचा सराव तर होतोच, पण थंडीत पहाटे उठून ओझे वाहणे आपल्या मुलाला मनापासून आवडते का, हेही त्याचे त्यालाच कळते. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तर पुढच्या प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. त्यानंतर सहा हजार मीटरची एक-दोन शिखरे, मग सात हजार, अशी पायरी असते. जागा लवकर भरतात, म्हणून आताच अर्ज करावा.

तो पुण्यात आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. आपल्याच शहरातील गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट सर केले, तर २०१९ मध्ये दहा जण कांचनगंगेवर पोहोचले. ही माणसे सह्याद्रीतील कातळांवर आणि हिमालयातील लहान शिखरांवर वर्षानुवर्षे तयार झालेली होती. अशा एखाद्या संस्थेबरोबर त्याने दोन हंगाम तरी घालवावेत. खर्चाचेही भान असू द्यावे. सप्टेंबर २०२५ पासून नेपाळने केवळ परवान्याचे वसंत ऋतूतील शुल्क अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलर केले आहे. शेर्पा, प्राणवायू आणि साहित्य यांचा खर्च त्यापुढचा.

प्रश्न : ‘विमा समाविष्ट’ असे पत्रकात लिहिलेले असेल, तर वेगळा विमा काढावा का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : आधी मूळ पॉलिसी मागून घ्यावी. प्रवास विम्यात पदभ्रमणाला अनेकदा उंचीची मर्यादा असते. ती चार हजार मीटर असेल आणि आपण पाच हजारांवर जाणार असाल, तर तो विमा नेमका हवा तेव्हाच लागू होणार नाही. हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च धरला आहे का आणि हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी विमा कंपनीची संमती लागते का, हेही पाहावे. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार नेपाळमध्ये इतके वाढले होते, की २०१८ मध्ये तेथील सरकारला चौकशी करावी लागली. तेव्हापासून दावे अधिक बारकाईने तपासले जातात. पॉलिसीचा क्रमांक आणि आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून आपल्या व सोबत्याच्या खिशात ठेवावा. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते आणि गटप्रमुख त्या वेळी आपल्याजवळ असेलच असे नाही.