ग्रामसभेला लोक येत नाहीत. नवीन सदस्याने काय करावं?

तुम्ही विचारलंय ते असं: नुकतेच ग्रामपंचायत सदस्य झालात, गावात साधारण 1,800 मतदार, ग्रामसभेला वीस-पंचवीस डोकी. सरपंच म्हणतात लोकांना रस नाही, लोक म्हणतात आमचं ऐकतंय कोण. यात एकट्या सदस्याच्या हातात काय आहे?

माझ्या मते मागच्या इतिवृत्तांपासून सुरुवात करा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागून घ्या आणि त्यातले ठराव एका मोठ्या कागदावर उतरवा. पुढे तीन रकाने: काय झालं, कुठे अडलं, आता कोणाकडे आहे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय प्रत्येक सभेत असतो आणि 'मंजूर, मंजूर' करत दोन मिनिटांत उरकतो. त्याच्या लगेच खाली 'मागील ठरावांवरील कार्यवाही' असा वेगळा विषय घ्यायला लावा. ज्याने दोनदा गटाराचा विषय मांडला आणि पुढे काहीच कळलं नाही, तो तिसऱ्यांदा दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही. त्याला रस नाही असं म्हणणं मला तरी पटत नाही.

आता कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. 1,800 चे 15 टक्के 270 होतात, म्हणजे तुम्हाला 100 लागतात. वीस-पंचवीसच आले तर सभा तहकूब व्हायला हवी. तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि गोम तिथेच आहे. बऱ्याच गावांत पहिली सभा तहकूब होणार हे धरूनच चालतात, नाहीतर हजेरीची वही नंतर घरोघर फिरवतात. मग कागदावर 104 जण हजर आणि त्यातल्या बहुतेकांना काय ठरलं याचा पत्ता नाही. यावर साधा उपाय आहे. वही सभेच्या दाराशी ठेवायची, सभा संपली की शेवटच्या सहीखाली सगळ्यांसमोर आडवी रेघ मारायची आणि वेळ लिहायची. पहिल्या खेपेला कुरकुर होईल, होऊ द्या.

नोटीस सात दिवस आधी लागते, पण ती वाचून कोणी येत नाही, कारण भाषाच तशी असते. 'शासन परिपत्रकांचे वाचन करणे', 'ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे'. अधिकृत नोटीस तशीच राहू द्या, पण आपल्या वॉर्डापुरता वेगळा निरोप लिहा: 'गुरुवारी सकाळी 10 वाजता शाळेत ग्रामसभा. घरकुलाची यादी वाचणार. खालच्या आळीच्या पाण्याचं ठरणार. घरपट्टीतून किती पैसे आले ते सांगणार.' तीन वाक्यं पुरतात. आदल्या संध्याकाळी आणि सभेच्या दिवशी सकाळी दवंडी किंवा मंदिराच्या भोंग्यावरून पुकारा. व्हॉट्सअॅप ग्रुप करणार असाल तर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असा ठेवा, नाहीतर आठ दिवसांत सुप्रभात आणि वाढदिवसांच्या फोटोंखाली नोटीस गाडली जाईल.

वर्षात किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्याच लागतात (महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम 7). 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे ठरलेले दिवस. झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत असतं आणि सभा मात्र अकराला ठेवतात, तोवर माणसं पांगतात. झेंडावंदन झालं की तिथेच सतरंजी अंथरा. 2 ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी असते, तेव्हा सकाळची सभा रिकामीच जाणार. आणि चार म्हणजे किमान चार. पेरणीआधी एखादी जादा सभा संध्याकाळी घ्यायला कोणी अडवत नाही.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी अंगणवाडीताई आणि बचत गटाच्या सह्यांवर 'होते'. तुमच्या वॉर्डातून पाच-सहा जणी नेल्यात आणि तिथे झालेला ठराव मुख्य सभेत वाचून घेतलात, तर पाणी, शौचालय, दारू हे विषय आपोआप वर येतात. मोठ्या सभेत ज्यांना उठून बोलता येत नाही, विशेषतः वस्तीवरच्या लोकांना, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या ठेवा. नाव न वाचता प्रश्न वाचायचा.

सगळ्यात जास्त गैरसमज पैशांवरून होतात, म्हणून इथे जरा वेळ द्या. 15व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून 2021-22 ते 2025-26 साठी आलेल्या निधीचंच घ्या. त्यातला 60 टक्के बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नव्हता. दहा लाख आले तर सहा लाखांतून रस्ता करताच येत नव्हता. हे न सांगता 'निधी नाही' म्हटलं की लोकांना वाटतं, पैसे खाल्ले. फळ्यावर खडूने आकडे मांडा: आले किती, बंधित किती, खर्च किती, शिल्लक किती. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकीही मांडा, पण थकबाकीदारांची नावं भर सभेत वाचू नका. सभा तिथेच भांडणात संपते. आणि सभा उधळलेली काही जणांना हवीच असते.

कोणती गोष्ट कोणाच्या अखत्यारीत आहे, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. गावातला अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. झुकलेला विजेचा खांब महावितरणचा. 'बघतो, करतो' म्हणून सहा महिने झुलवण्यापेक्षा 'हे आपल्याकडे नाही, पत्र मात्र मी लावतो' हे लोक ऐकून घेतात. पत्र लावलंत की पोच घ्या. समोरच्या कार्यालयाचा शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत ज्याची तक्रार होती त्याला दाखवा. काम व्हायला वेळ लागला तरी माणूस तुटत नाही.

यासाठी दोनशे पानी वही पुरते. तारीख, नाव, विषय, कोणाकडे, पत्राचा क्रमांक, पुन्हा कधी विचारायचं. शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, मग पंचायत समितीत गेल्यावर काय विचारायचं ते आठवत नाही. महिन्यातून एक वार ठरवा, संध्याकाळी तासभर वही घेऊन पारावर बसा. पहिले दोन महिने कोणी फिरकणार नाही, तरी बसा.

सभा संपण्याआधी झालेले ठराव मोठ्याने वाचून घ्या, सूचक (ठराव मांडणारा) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) यांच्या नावांसह. इतिवृत्त आठवड्याने निवांत लिहिलं की त्यात न झालेले ठरावही शिरतात. वाचन झाल्यावर त्या पानांचा फोटो काढून ग्रुपवर टाका. पुण्या-मुंबईला असलेली गावची पोरं तो सगळ्यांत आधी वाचतात आणि घरी फोन करून विचारतात, 'आपल्या आळीचं काय ठरलं?'