जड बुलेट, लांब पल्ला आणि प्रेशर: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलसाठी घरी लोड (म्हणजे काडतुसातली पावडर आणि बुलेट यांची जुळणी) बनवण्याबद्दल आहेत आणि जवळपास सगळे जड बुलेटवर येऊन थांबतात, म्हणून सगळे एकत्रच घेतले. ज्यांच्या देशात रीलोडिंग (काडतुसं घरी भरणं) आणि शिकार दोन्ही कायदेशीर आहे त्यांच्यासाठीच हे आहे, ते आधी बघून घ्या.

प्रश्न: ३०० विन मॅगमध्ये (३०० विंचेस्टर मॅग्नम) आजवर १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) बुलेट वापरत आलो, आता २१५ ग्रेनची घेतलीये. पावडर तीच, चार्ज (भरायच्या पावडरचं वजन) तोच ठेवून फक्त बुलेट बदलली तर चालेल का? मित्र म्हणतो थोडी पावडर कमी कर म्हणजे झालं.

नाही चालणार, आणि मित्राचं "थोडी" पण नाही चालणार, कारण थोडी म्हणजे किती हे त्यालाही माहीत नाही. बुलेट जड झाली की ती जागची हलायला जास्त वेळ घेते, तेवढ्या वेळात पावडर जळतच असते आणि गॅसला पसरायला जागा मिळत नाही. वर ती लांबही असते, म्हणजे बॅरलला घासणारा भाग जास्त, आणि मॅगझिनमध्ये बसवायची म्हणून केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) खोल घातली की आतली जागा आणखी कमी होते. सगळ्या गोष्टी एकाच दिशेने ढकलतात, प्रेशर वरच जातं. ३०० विन मॅगला सामी (SAAMI) या अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा ६४,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आहे, आणि १८० ग्रेनच्या बुलेटचा मॅक्सिमम चार्ज २१५ च्या मागे लावलात तर ती मर्यादा नक्की कुठे मागे पडली हे तुम्हाला घरी बसून कळणारच नाही.

करायचं असं की त्याच बुलेटचा डेटा घ्यायचा, बुलेट बनवणाऱ्याचा किंवा पावडर बनवणाऱ्याचा, शक्यतो दोन्ही, आणि दोघांत फरक असेल तर कमी आकडा धरायचा. बहुतेक वेळा डेटा बघितलात की लक्षात येईल की जड बुलेटला तुमच्या नेहमीच्या पावडरपेक्षा स्लो (हळू जळणारी) पावडर जास्त मानवते. सुरुवात डेटातल्या सगळ्यात कमी, म्हणजे स्टार्टिंग चार्जपासून, मग चार्जच्या साधारण एक टक्का एवढ्या पायऱ्यांनी वर. आणि हो, स्टार्टिंगच्याही खाली उगाच जाऊ नका, मोठ्या केसमध्ये स्लो पावडर फारच कमी भरल्यावर प्रेशर अचानक उसळून रायफल फुटल्याच्या घटना झालेल्या आहेत. जास्त पावडर धोक्याची म्हणून कमी ती सेफ असं सरळ गणित इथे नाहीये.

प्रश्न: मॅन्युअलच्या (रीलोडिंगच्या डेटापुस्तकाच्या) मॅक्सिममच्या दीड ग्रेन वर गेलोय. प्रायमर (केसच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) चपटे नाहीत, बोल्ट (बॅरल मागून बंद करणारा दांडा) मऊ उघडतो, केसवर कुठलीच खूण नाही. म्हणजे माझ्या रायफलमध्ये अजून जागा आहे ना?

हा प्रश्न वाचून मला खरंच काळजी वाटली, म्हणून उत्तर जरा लांब देतो. आधी हे करा, त्या लोडच्या उरलेल्या राउंड झाडू नका, बुलेट पुलरने (बुलेट केसमधून ओढून काढायच्या साधनाने) उघडा.

आता कारण. प्रायमर, बोल्ट, केसच्या बुडावरची इजेक्टरची (केस बाहेर फेकणाऱ्या भागाची) चमकदार खूण, हे सगळं प्रेशर मोजायचं साधन नाही, ही नुकसानीची लक्षणं आहेत आणि ती उशिरा येतात. ब्रास (केसचं पितळ) वाहून इजेक्टरच्या भोकात शिरायला लागते तोवर तुम्ही मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले असता. ब्रास कडक असेल तर खूण आणखी उशिरा दिसते. उलट काही प्रायमर इतके मऊ असतात की साध्या लोडलाही चपटे होतात, किंवा फायरिंग पिनचं भोक जरा मोठं असलं की प्रायमरवर कडा उमटते आणि माणूस उगाच घाबरतो. म्हणजे खूण दिसली तर थांबायचंच, पण खूण नाही दिसली म्हणून सगळं ठीक असं म्हणता येत नाही. ताप नाही म्हणजे आजार नाही असं कुठला डॉक्टर म्हणेल?

मग घरी काय बघायचं, तर वेग. क्रोनोग्राफ (बुलेटचा वेग मोजायचं यंत्र) आता परवडणाऱ्या किमतीत मिळतो आणि माझ्या मते मॅग्नमचे लोड करणाऱ्याने क्रोनोग्राफशिवाय कामाला हातच लावू नये. तीच बुलेट, तीच पावडर आणि तेवढ्याच लांबीची बॅरल असेल तर जास्तीचा वेग जास्तीच्या प्रेशरमधूनच येतो, तो फुकट कुठून येणार? मॅन्युअलमध्ये टेस्ट बॅरलची लांबी दिलेली असते, ती आधी बघा, त्यांची २६ इंची आणि तुमची २४ इंची असेल तर दर इंचाला साधारण २० ते ३० एफपीएस (सेकंदाला फूट) कमी धरा. आता मॅन्युअलच्या मॅक्सिमम चार्जच्या आधीच तुमच्याकडे त्यांचा मॅक्सिमम वेग आला तर तुमचा मॅक्सिमम तिथेच झाला, पुस्तकात आणखी दीड ग्रेन लिहिलेली असली तरी. आणि वेग कमी येतोय पण चार्ज मॅक्सिममला पोचला, तरीही थांबायचं, तुमची बॅरल स्लो आहे एवढंच समजायचं. दोन्हीपैकी जे आधी येईल ती भिंत.

अजून दोन गोष्टी ज्या लोक विसरतात. नवीन बॅरल पहिल्या शंभर-दोनशे राउंडमध्ये बऱ्याचदा वेग पकडते, म्हणजे कोऱ्या बॅरलवर काठोकाठ बनवलेला लोड नंतर आपोआपच हद्द ओलांडतो, म्हणून बॅरल बसल्यावर परत क्रोनोग्राफ करा. दुसरं तापमान. थंडीच्या सकाळी छान वाटलेला लोड उन्हात तापलेल्या राउंडमध्ये किंवा गरम चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, राउंड बसते त्या भागात) थोडा वेळ राहिला की वेगळाच वागतो, काही पावडरी याला जास्त संवेदनशील असतात, एच १००० किंवा एच ४३५० सारख्या कमी. लोड थंडीत बनवला असेल तर उन्हाळ्यासाठी जागा सोडलेली असलीच पाहिजे.

आणि हे सगळं कशासाठी, शेवटच्या ४० एफपीएससाठी? जड बुलेटचा फायदा तिच्या बॅलिस्टिक कोएफिशियंटमध्ये (हवा कापत जाण्याच्या क्षमतेच्या आकड्यात) आहे, ती वेग टिकवून धरते आणि वाऱ्याला कमी दाद देते, हे तुम्ही एक ग्रेन खाली आलात तरी तसंच राहतं. जनावराला त्या ४० एफपीएसचा फरक कळत नाही, तुमच्या चेहऱ्यासमोरच्या बोल्टला कळतो.

प्रश्न: ७ एमएम रेम मॅग (रेमिंग्टन मॅग्नम) आहे, ट्विस्ट (बॅरलमधल्या आट्यांचा पीळ) ९.५ इंचाला एक. १९५ ग्रेनची लांब बुलेट चालेल का?

त्या बुलेटला ८ इंचाच्या आसपासची ट्विस्ट लागते, तुमच्याकडे ती नाही, तेव्हा १६० च्या जवळपासची घ्या आणि समाधानाने वापरा. ट्विस्ट ठरते ती मुख्यतः बुलेटच्या लांबीवर, नुसत्या वजनावर नाही. मिलरच्या सूत्राने स्टॅबिलिटी, म्हणजे बुलेट हवेत किती स्थिर राहते ते, काढता येते, उत्तर १.५ किंवा वर आलं तर बरं, त्याखाली बुलेट सरळ गेली तरी कोएफिशियंट घटतो आणि १ च्या जवळ आलात तर टार्गेटवर आडवी भोकं दिसतील. हे गणित हवेच्या घनतेनेही बदलतं, उंच डोंगरावर गरम दुपारी जेमतेम जमलेली बुलेट खाली थंड दाट हवेत डगमगू शकते, म्हणून जिथे शिकार करणार तिथली सगळ्यात थंड हवा धरून हिशोब करा.

प्रश्न: बुलेट लँड्सला (बॅरलमधल्या आट्यांच्या उंच कडांना) टेकवून बसवली की ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) छोटा येतो असं सगळे सांगतात. शिकारीसाठी करू का?

नको. लँड्सला टेकलेली बुलेट सुटतानाच अडते आणि प्रेशर चढतं, तेवढ्यासाठी चार्ज खाली आणून पुन्हा सुरुवातीपासून यावं लागतं. पण शिकारीत त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे, गोळी न झाडता राउंड बाहेर काढली की बुलेट थ्रोटमध्ये (चेंबरच्या लगेच पुढच्या भागात) अडकून राहू शकते आणि पावडर अख्ख्या ॲक्शनमध्ये (बोल्ट फिरतो त्या भागात) सांडते, मग त्या दिवसापुरती रायफल संपली. आधी मॅगझिनमध्ये काय मावतं ते बघा, लँड्सपासून थोडं अंतर ठेवा, आणि लांबी टोकापासून न मोजता कंपॅरेटर या मापकाने ओजाइव्हपासून (बुलेटचा वक्र भाग लँड्सला भिडतो तिथून) मोजा, टोकं एकसारखी नसतातच. बऱ्याच आधुनिक जड बुलेट लँड्सपासून लांब बसवूनही सुरेख ग्रुप देतात.

प्रश्न: एच ४८३१ पावडर मिळत नाहीये, आयएमआर ४८३१ मिळतेय. नंबर तोच आहे मग डेटा तोच वापरू?

अजिबात नाही! या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एच ४८३१ जास्त स्लो आहे, म्हणजे तिचा मॅक्सिमम चार्ज आयएमआरने भरलात तर थेट ओव्हरलोड. एच ४८३१ आणि तिची एससी (शॉर्ट कट) मात्र एकच, फक्त दाणा आखूड. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा हवा, काम संपलं की हॉपर (पावडर मापायच्या यंत्राची टाकी) त्याच डब्यात रिकामा करायचा, आणि लेबल नसलेली पावडर वास-रंग बघून ओळखायची नाही, टाकून द्यायची.

प्रश्न: शिशाच्या बुलेटऐवजी त्याच वजनाची पूर्ण तांब्याची घ्यायचीये. लोड तोच ठेवू?

नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची बुलेट लांब होते, केसमध्ये जास्त जागा खाते, बॅरलमध्ये वेगळी घासते. तिचा स्वतंत्र डेटा घ्या आणि ट्विस्टही परत तपासा. शिवाय ती जनावराला लागल्यावर उमलायला किती वेग लागतो ते बनवणाऱ्याने दिलेलं असतं, बऱ्याच तांब्याच्या बुलेटना शिशाच्या लांब पल्ल्याच्या बुलेटपेक्षा जास्त वेग लागतो. तुमच्या लोडचा वेग ज्या यार्डावर त्या आकड्याखाली जातो तिथे तुमचा पल्ला संपला, स्टील प्लेटवर कितीही लांब लागत असलं तरी.

प्रश्न: लोड सेफ आहे पण वेगात राउंडगणिक ३० एफपीएसचा फरक येतो. फार आहे का?

३०० यार्डांवर त्याने अर्धा इंचसुद्धा वर-खाली होत नाही, ८०० वर मात्र तीन-चार इंच होतात. तुम्ही ४०० च्या आत शिकार करत असाल तर सोडून द्या आणि तो वेळ वारा ओळखायच्या सरावाला द्या. आणि तीन राउंडवरून फरक काढला असेल तर तो आकडा धरूच नका, दहा-पंधरा तरी झाडा. चार्ज वाढवून फरक कमी करायच्या मागे लागू नका, आधी तराजू तपासा, इलेक्ट्रॉनिक तराजू पंख्याच्या वाऱ्याने किंवा स्टॅटिकने हळूच सरकतो, जवळ चेक वेट (ठरलेल्या वजनाचं माप) ठेवा.

प्रश्न: बेल्टवाल्या (बुडाशी जाड पट्टा असलेल्या) मॅग्नमची ब्रास किती वेळा वापरता येते?

आकडा सांगता येत नाही, तुम्ही साइझिंग (झाडलेली केस दाबून परत मापात आणणं) कसं करता त्यावर आहे. दर वेळी डाय (साइझिंगचा साचा) शेलहोल्डरला (केस धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घेऊन शोल्डर (केसचा तिरका खांदा) मागे ढकलत असाल तर केस बेल्टच्या वर ताणून पातळ होते आणि मोजक्याच वापरात तिथून तुटते. शोल्डर फक्त दोन हजारांश इंच मागे जाईल इतपतच डाय बसवा. लांबीही मोजत चला, ३०० विन मॅगची केस २.६२० इंचापेक्षा लांब झाली की चेंबरच्या टोकाला तोंड आवळलं जातं, बुलेट धरली जाते आणि परत तेच, प्रेशर. एक बारीक तार टोकाला वाकवून केसमध्ये आतून बुडापासून वर ओढा, बेल्टच्या जरा वर खाच लागली किंवा बाहेरून तिथे उजळ कडं दिसलं तर ती केस फेकाच, पण तिच्याबरोबर तेवढ्याच वेळा झाडलेल्या बाकीच्या केसही तशाच तपासा. प्रायमर बोटाने दाबल्यासारखा सैल बसायला लागला की त्या केसचं आयुष्य संपलं, आणि दोन-तीन वापरांतच तसं झालं असेल तर लोड गरम आहे, चार्ज खाली आणा.