रोज सायकलने ऑफिसला जाताना गुडघे दुखतात, बोटे बधिर होतात. सायकलमध्ये नेमके काय बदलावे?

तुम्ही सांगितलेय की ऑफिस ९ किलोमीटरवर आहे, तीन आठवड्यांपासून सरळ हँडलची गिअरची सायकल वापरताय, गुडघे पुढच्या बाजूने दुखतात, पंधरा-वीस मिनिटांत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, आणि पाठीवरच्या सॅकमुळे शर्ट भिजतो. फ्रेमचा साइझ बरोबर आहे असे तुम्ही म्हणताय, तर नवी सायकल घ्यायचा विचार तूर्त सोडा. एक ४, ५, ६ मिमीच्या अ‍ॅलन चाव्यांचा संच, एक टेप आणि थोडी चिकटपट्टी एवढ्यात बहुतेक काम होईल. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार दिवस चालवून मग पुढच्या गोष्टीला हात लावा. सीट, हँडल आणि ब्रेक एकाच रविवारी हलवलेत तर बरे कशामुळे वाटतेय ते कळत नाही, आणि बिघडले तर काय मागे घ्यायचे तेही कळत नाही.

सुरुवात सीटच्या उंचीपासून. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा वाटीभोवती दुखत असेल तर सीट खाली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्या दुमडलेल्या अवस्थेतच जोर लावावा लागतो. तो सगळा दाब वाटीमागे जातो. याउलट गुडघ्याच्या मागे, लवणीत ओढ बसत असेल तर सीट जास्त वर आहे.

मोजायची सोपी रीत: भिंतीला धरून सीटवर बसा, पायात ऑफिसचेच बूट ठेवा. पायडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न कलता पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघ्याला साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक येतो, तो योग्य. पडताळा हवा असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांत घेऊन सीटवर बसल्यासारखे वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. ८० सेमी आले तर ७०.६ सेमी. क्रँक (पायडल ज्याला लावलेले असते तो दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढे अंतर असावे. जाड तळाचे बूट, लांब क्रँक यांनी हे सेंटीमीटरभर इकडेतिकडे होते, त्यामुळे टाचेच्या रीतीत आणि या आकड्यात फरक आला तर टाचेवर विश्वास ठेवा.

आत्ताच्या उंचीवर सीटच्या दांड्याला चिकटपट्टीची खूण करा आणि एका वेळी ५ मिमीच वाढवा. दांड्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमबाहेर दिसता कामा नये. ती दिसू लागली तर दांडा लांब घ्यावा लागेल, नाहीतर फ्रेमची नळीच फाटू शकते. मागून कुणाला तरी बघायला सांगा: पायडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर ५ मिमी खाली या. दांडा आपोआप खाली सरकतो का, हे ती पट्टीच सांगेल. सरकत असेल तर क्लॅम्प आणखी आवळण्याआधी दांडा बाहेर काढून धूळ-माती पुसा. धातूच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या (कार्बनच्या दांड्याला ग्रीस नाही, त्याची वेगळी पेस्ट मिळते).

आता यातली खरी अडचण. सीट योग्य उंचीवर आली की सिग्नलला बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि घाबरून बहुतेक जण ती पुन्हा खाली घेतात. रोज सायकल चालवणाऱ्यांच्या गुडघेदुखीचे मूळ मला तरी फ्रेमपेक्षा या सवयीतच जास्त दिसते. थांबताना सीटवर बसून राहायचेच नसते. ब्रेक लावत एक पायडल खाली आणा, त्या पायावर उभे राहा, सीटवरून पुढे सरकून नळीच्या दोन बाजूंना पाय येतील असे या आणि दुसरा पाय जमिनीवर टेका. निघताना टेकलेला पाय जमिनीवरच राहू द्या. दुसऱ्या पायाचे पायडल घड्याळात दोन वाजता काटा असतो त्या जागी आणा, त्यावर जोर देऊन उभे राहा, सायकल चालू झाली की सीटवर बसा. मोकळ्या जागेत वीस-पंचवीस वेळा केलेत की अंगवळणी पडते.

गुडघ्याचे दुसरे कारण म्हणजे जड गिअर. १५ सेकंदांत एक गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चौपट करा. १८ ते २२ वेळा, म्हणजे मिनिटाला सत्तर ते नव्वदच्या घरात फेरे असतील तर ठीक. सपाट रस्त्यावर १५च्या खाली येत असेल तर गिअर हलका करा, पायाला काम कमी वाटले तरी चालेल. तुमच्या सायकलचा गिअर चेन फिरत असतानाच बदलतो, म्हणून सिग्नल लाल दिसला की थांबण्याआधीच दोन-तीन पायऱ्या हलका करून ठेवायचा. जड गिअरमध्ये थांबलात की प्रत्येक सिग्नलला सगळे वजन गुडघ्यावर घेऊन निघावे लागते. गिअर मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत असतील तर मात्र ते उभ्या उभ्या बदलता येतात.

सीटची पुढची-मागची जागा नंतर. क्रँक आडवे करा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खालून ओळंबा सोडा (दोऱ्याला नट बांधला तरी चालतो). तो पायडलच्या आसावरून किंवा जरासा मागून गेला पाहिजे. हा काही अटळ नियम नव्हे, पण सुरुवात करायला बरा. सीट १० मिमी पुढे घेतली तर पायडलपासूनचे अंतर सुमारे ३ मिमीने कमी होते, तेवढी उंची वाढवा; मागे घेतली तर तेवढी कमी करा. हे विसरल्यामुळेच ‘काल बरे होते, आज पुन्हा दुखतेय’ असे होते. चवडा पायडलच्या आसावर राहतो का, तेही बघा. तळपायाचा मधला भाग टेकवून चालवले तर सीटचे सगळे हिशेब चुकतात.

बोटांकडे येऊ. करंगळी आणि अनामिका बधिर होणे म्हणजे तळहाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूने जाणारी नस दबणे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असते तर मनगटाच्या मधोमध जाणारी नस, म्हणजे मनगट मागे मुडपले जातेय असा अर्थ निघाला असता. तुमच्या बाबतीत तळहाताच्या कडेवर वजन जास्त पडतेय. कारणे या क्रमाने तपासा.

सीटचे नाक खाली झुकले आहे का? तसे असेल तर शरीर सतत पुढे घसरते आणि हात ते अडवून धरतात. सायकल सपाट जमिनीवर ठेवून सीटवर एक लांब पट्टी ठेवा, ती आडवी हवी. फार तर एक-दोन अंश खाली. नाक वर असेल तर हातांना बरे वाटते, पण जांघेत बधिरपणा येतो, तो जास्त वाईट.

मग ब्रेकचे लिव्हर. सीटवर नेहमीसारखे बसा, बोटे लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा हवी. बहुतेक नव्या सायकलींचे लिव्हर जवळपास आडवे लावलेले असतात. क्लॅम्पचा स्क्रू थोडा सैल करून ते ३० ते ४५ अंश खाली फिरवा. खर्च शून्य, आणि फरक बहुधा त्याच दिवशी कळतो. लिव्हर लांब पडत असेल तर त्याच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर हँडलजवळ येतो.

तिसरे, हँडलचे अंतर आणि उंची. कोपर ताठ ठेवल्याशिवाय हँडल धरता येत नसेल तर ते लांब आहे. ऑफिसला जाण्यासाठी हँडल सीटच्या उंचीइतके किंवा दोन-तीन सेमी वर असलेले बरे. मान वळवून मागची वाहनेही नीट दिसतात. स्टेम म्हणजे हँडलला पुढच्या चाकाच्या काट्याशी जोडणारा तुकडा. त्याच्या खालच्या कड्यांनी आत्ताची उंची ठरते, पण स्टेमच्या वर कड्या असतील तर त्या खाली घालून हँडल तेवढे वर घेता येते. क्रम महत्त्वाचा: आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग स्टेमच्या माथ्यावरच्या टोपीचा. बसवताना उलटे. टोपीचा बोल्ट फक्त काट्याच्या बेअरिंगमधला ढिलेपणा काढण्यापुरता आवळायचा, हँडल चाकाशी सरळ करायचे आणि मग बाजूचे बोल्ट आलटून पालटून, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत), बहुधा ५ न्यूटन-मीटर. बाजूचे बोल्ट घट्ट असतानाच टोपी पिळत राहणे ही नेहमीची चूक. त्याने काहीच घट्ट होत नाही, आटे तेवढे जातात. झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर टोपी पाव फेरा कमी पडलीय. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणल्या जात नाहीत ना, तेही बघा. एवढे करूनही लांब वाटले तर १० ते २० मिमी आखूड स्टेम घ्या. तळहाताला रुंद टेकू देणाऱ्या ग्रिपने तुमच्यासारख्या तक्रारीत फायदा होतो, पण हे सगळे झाल्यावर.

आणि सॅक उतरवा. पाठीवरचे चार-पाच किलो शर्ट भिजवतातच, पण पुढे वाकल्यावर त्यातले बरेचसे वजन हातांवर आणि सीटवर येते, म्हणजे बधिरपणाशीही त्याचा संबंध आहे. मागे कॅरिअर लावा आणि बाजूला लटकणारी पिशवी घ्या. कॅरिअरवर किती किलो चालतात ते कोरलेले असते. पिशवी एवढी मागे अडकवा की पायडल मारताना टाच तिला लागणार नाही. वजनदार वस्तू तळाशी, लॅपटॉप उभा आणि तळाशी फोमचा तुकडा, कारण खड्ड्याचा दणका तळालाच बसतो. पट्ट्यांची लोंबणारी टोके बांधून टाका, ती स्पोकमध्ये गेली तर मागचे चाक तिथल्या तिथे अडकते. घाम उरतोच, शेवटचा किलोमीटर हलक्या गिअरमध्ये सावकाश जायचे आणि पोचल्यावर दहा मिनिटांनी शर्ट बदलायचा. पोचल्या पोचल्या बदललात तर दुसराही भिजतो.

हवेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण हातांना बसणारे हादरे निम्मे तिथेच ठरतात. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढीच भरा असा त्याचा अर्थ नसतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलोच्या आसपास असाल तर ३२ मिमी रुंद टायरला मागे ६५ ते ७० आणि पुढे ५० ते ५५ पीएसआय. ४० मिमीला मागे ४५ ते ५० आणि पुढे ३५ ते ४०. इथून पाच-पाचने वरखाली करून बघा. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून मागे जास्त. हवा फारच कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशी जोडीची भोके दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. एकच भोक असेल तर मात्र नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. रुतलेली काच किंवा तार त्यात अडकते. हवा न वापरताही झिरपते, त्यामुळे आठवड्यातून एकदा गेज असलेल्या पंपाने भरा. अंगठ्याने दाबून ४० आणि ६० मधला फरक कळत नाही.

चेनला १५०-२०० किलोमीटरनी, किंवा ओल्या रस्त्यावर चालवल्यानंतर, आधी फडक्याने पुसून प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचे तेल पुन्हा पुसून काढायचे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते. झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते: नवीन चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत बरोबर १२ इंच असतात. पट्टीच्या शून्यावर एक पिन ठेवा. ती न मोजता पुढची चोविसावी पिन १२ इंचांच्या पुढे अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गेली की चेन बदला. पूर्ण सूत गेली तर मागचे दाते पण खराब झालेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर उड्या मारते. मोठ्या दात्यावर चढायला चेन कुरकुर करत असेल तर मागच्या डिरेल्युअरजवळची (चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाजवळची) गोल घुंडी पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. लहान दात्यावर उतरायला वेळ लावत असेल तर सुलट दिशेने. शेजारच्या दोन छोट्या स्क्रूंना हात लावू नका, ते फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात.

सीट वर घेऊन आणि गिअर हलका ठेवूनही दोन आठवड्यांत गुडघेदुखी कमी झाली नाही, किंवा सूज आली, जिना उतरताना दुखू लागले, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. आणि कॅरिअर, स्टेम, सीट यांचे बोल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. नवीन बसवलेले बोल्ट याच काळात थोडे बसतात आणि सैल होतात.